मालक बदलला तेव्हा

या वेळचा विषय थोडा रुक्ष वाटेल, कारण त्यात कायद्याची कलमं आहेत. पण ज्यांच्या घरात कुणी ना कुणी नोकरदार आहे (म्हणजे आपण सगळेच), त्यांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. प्रश्न एवढाच आहे. कंपनी विकली गेली, सरकारने घेतली किंवा दुसरीत विलीन झाली, तर तिथल्या माणसांच्या नोकरीचं काय होतं? आणि त्याहून बारीक प्रश्न असा की त्यांनी घातलेल्या वर्षांचं काय होतं?

आमच्या भातकुलीत रेल्वे स्टेशन नाही. गाडी धरायची तर बडनेऱ्याला किंवा अमरावतीला जायचं. पण शेजारच्या दर्यापुरातून शकुंतला जायची, त्यामुळे नॅरोगेजची छोटी गाडी आमच्या ओळखीची आहे. मूर्तिजापूर-अचलपूर आणि मूर्तिजापूर-यवतमाळ अशा तिच्या दोन फांद्या. विलायतेच्या किलिक निक्सनने काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही लाईन. कपाशी बंदरापर्यंत पोचवायची, हा तिचा मूळ उद्योग. रूळ कंपनीचे, पण गाडी चालवणारी माणसं जीआयपी रेल्वेची आणि पुढे मध्य रेल्वेची. कंपनीला उत्पन्नातला वाटा जायचा. म्हणजे रुळांचा मालक एक आणि माणसांचा मालक दुसरा.

ही व्यवस्था विचित्र होती, पण गाडीवरच्या माणसांना ती नकळत फायद्याची ठरली. जीआयपी १ जुलै १९२५ पासून सरकारच्या ताब्यात होती. ५ नोव्हेंबर १९५१ ला जीआयपी, निजाम स्टेट रेल्वे, सिंदिया आणि धोलपूर रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वे झाली. शकुंतलेच्या रुळांची मालकी त्यानंतरही कंपनीकडेच राहिली. पण बडनेरा, मूर्तिजापूर, भुसावळच्या जीआयपीवाल्या माणसांचा मालक आधीही सरकार होता आणि नंतरही सरकारच. पाटी बदलली, सर्व्हिस बुक तेच.

आता हीच गोष्ट बार्शीला कशी घडली ते बघा. तिथेही अडीच फुटी नॅरोगेज आणि तिथेही विलायती कंपनी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने बार्शी लाईट रेल्वे उभी केली. १८९७ मध्ये बार्शी रोड (म्हणजे आजचं कुर्डुवाडी) ते बार्शी हा पहिला तुकडा सुरू झाला. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. एकूण सव्वातीनशे किलोमीटर. पंढरीच्या वाऱ्या आणि लातूर-बार्शीचा धान्यबाजार या लाईनवर जगला. फरक एकच होता. इथले रूळही कंपनीचे होते आणि माणसंही कंपनीचीच होती.

कंपनीशी इंग्रज सरकारने १ ऑगस्ट १८९५ ला करार केला होता. किमान बारा महिन्यांची नोटीस देऊन सरकार ही रेल्वे विकत घेऊ शकेल, असं त्यात कलम होतं. त्याप्रमाणे स्वतंत्र भारताच्या रेल्वे बोर्डाने १९ डिसेंबर १९५२ ला नोटीस दिली की १ जानेवारी १९५४ पासून रेल्वे आम्ही घेणार. इथवर सगळं रीतसर.

मग ११ नोव्हेंबर १९५३ ला कंपनीने कामगारांना नोटीस दिली. सरकार करार संपवत असल्यामुळे ३१ डिसेंबर १९५३ च्या दुपारनंतर तुम्हा सर्वांची सेवा समाप्त होईल. ज्यांना इच्छा असेल त्यांना सरकार कामावर घेईल, अटी नंतर कळवू. त्या अटी आल्या १५ डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे जुनी नोकरी संपायला पंधरवडा उरला असताना. प्रपंचाचा माणूस अशा वेळी काय करणार? सही करणार.

बहुतेकांनी ती केलीच. पुढे कोर्टात सरकारतर्फे सांगितलं गेलं की सुमारे ७७ टक्के लोकांना जुन्याच वेतनश्रेणीत घेतलं. सुमारे २३ टक्के लोकांना जरा खालच्या श्रेणीत घेतलं, पण त्या वेळी हातात पडणारा पगार कमी केला नाही. सरकारी नोकरी नको म्हणणारे जेमतेम २४ निघाले.

हे आकडे वाचले की पहिला विचार येतो, मग बिघडलं कुठे? सगळ्यांना काम तर मिळालं! आमच्याकडे एक वडीलधारे आहेत, त्यांना मी ही हकीकत सांगितली तर ते म्हणाले, "मालक बदलला तं आपल्याले काय फरक पडते? काम तं तेच हाय ना."

त्यांना मी सालदाराचं उदाहरण दिलं, तेच इथे देतो. आपल्याकडे पाडव्याला सालदाराचं साल ठरतं. समजा एका मालकाकडे एक गडी पंधरा वर्षं सालाने राहिला आणि वावर विकलं गेलं. नवा मालक भला आहे. म्हणाला, गड्या, तू राह्य इथंच. गड्याचं काम वाचलं, चूल पेटती राहिली. पण पंधरा वर्षं राबल्याचा मान, अडीअडचणीला उचल मागायचा हक्क, म्हातारपणी काहीतरी हातावर ठेवील हा भरवसा, याचा हिशेब कुणाकडे मागायचा? जुना म्हणतो, वावर आता माझं नाही. नवा म्हणतो, मी तुला आजपासून ओळखतो. दोघंही खोटं बोलत नाहीत. पण दोघांच्या मधल्या धुऱ्यावर गड्याची पंधरा वर्षं पडून राहिली.

नोकरी आणि सेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं माझं म्हणणं आहे ते यासाठी. नोकरी म्हणजे उद्या सकाळी हजेरी लागणार की नाही. सेवा म्हणजे आजवर लागलेल्या सगळ्या हजेऱ्या. विलीनीकरणाच्या वेळी सगळे पहिलीबद्दल विचारतात, आणि दुसरी गुपचूप निसटते.

बार्शीच्या युनियनला हे बरोबर कळलं होतं. नशिबाने (किंवा तेव्हा तसं वाटलं) एक नवा कायदा नुकताच हाताशी आला होता. २४ ऑक्टोबर १९५३ ला सरकारने वटहुकूम काढून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीच्या भरपाईची तरतूद घातली, आणि मग संसदेने तिचा कायदा केला. कलम २५-एफ. कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि शिवाय पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. वीस वर्षं घातलेल्या माणसाला हे दहा महिन्यांच्या पगाराएवढं होतं. बार्शीची नोटीस या वटहुकुमानंतर अवघ्या अठरा दिवसांनी आलेली!

युनियनने माढ्याच्या दिवाणी न्यायाधीशांपुढे वेतन प्रदान कायद्याखाली ६१ अर्ज केले. म्हणणं साधं होतं. तुम्ही आमची सेवा समाप्त केली, म्हणजे कपात केली, तर भरपाई द्या. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं आणि तिथे निकाल कामगारांच्या बाजूने लागला. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली. युनियनच्या बाजूने खटल्यात नाव लागलं आहे ते के. एन. जोगळेकर यांचं. बडोद्याच्या दिनेश मिल्सचं, गिरणी बंद केल्याचं प्रकरणही याच प्रश्नावर आलं होतं. दोन्ही एकत्र ऐकली गेली आणि २७ नोव्हेंबर १९५६ ला निकाल लागला. कायद्याच्या पुस्तकांत तो 'हरिप्रसाद शुक्ला' या नावाने प्रसिद्ध आहे, त्यामुळे आत बार्शीची रेल्वे आहे हे कित्येकांच्या लक्षातही येत नाही.

निकाल कामगारांच्या विरुद्ध गेला.

कोर्टाचा युक्तिवाद थोडक्यात असा. कायद्यात 'कोणत्याही कारणाने' सेवा समाप्त करणं म्हणजे कपात, अशी व्याख्या आहे खरी. पण कपात या शब्दाचा रूढ अर्थ काय? चालू धंद्यात माणसं जास्त झाली म्हणून काही कमी करणं. जिथे मालकाचा धंदाच संपला, मग तो बंद झाला असो की दुसऱ्याच्या हाती गेला असो, तिथे जास्तीची माणसं ही कल्पनाच लागू होत नाही. सगळेच गेले तर कपात कुणाची? म्हणून कलम २५-एफ लागू नाही आणि भरपाईही नाही.

मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा चिडलो होतो. पुन्हा वाचल्यावर जाणवलं की न्यायाधीश निर्दय नव्हते, त्यांच्या तर्कात खोट काढणं सोपं नाही. आणि बार्शीच्या बहुतेक माणसांना नवी नोकरी मिळाली होती हेही त्यांच्यापुढे होतं. पण या तर्काचा परिणाम बघा. शंभरातली दहा माणसं कमी केली तर त्या दहांना भरपाई. शंभरच्या शंभर एका दुपारी कमी केली तर कुणालाच नाही. शहाणपणाच्या एकेक पायरीने उतरत माणूस कुठल्या खड्ड्यात पोचतो त्याचा हा नमुना आहे.

संसदेलाही ते खटकलं. २७ एप्रिल १९५७ ला वटहुकूम निघाला आणि मग १९५७ चा दुरुस्ती कायदा झाला. त्याने दोन कलमं पक्की केली. धंदा दुसऱ्याच्या हाती गेला तर २५-एफएफ, बंद झाला तर २५-एफएफएफ. यातलं २५-एफएफ हे आधी सप्टेंबर १९५६ मध्ये आलेलं होतं, पण तेव्हा ते फक्त भरपाई कधी मिळणार नाही एवढंच सांगायचं. १९५७ मध्ये त्याची मांडणी उलटी केली. आता नियम असा झाला की मालकी बदलली तर, किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला, कपात झाल्याप्रमाणेच भरपाई. सुटका फक्त तीन अटी एकदम पाळल्या तरच. एक, बदलामुळे सेवेत खंड पडलेला नसावा. दोन, नव्या मालकाकडच्या अटी आधीपेक्षा कमी प्रतीच्या नसाव्यात. तीन, पुढे कधी कपात झालीच तर नव्या मालकाने जुनी वर्षं धरून भरपाई द्यावी.

ही तिसरी अट मला सगळ्यात मोलाची वाटते. सालदाराच्या गोष्टीतला धुऱ्यावर पडलेला हिशेब ती उचलून नव्या मालकाच्या वहीत लिहिते. वावर घेतलंस ना, मग गड्याची वर्षंही घे.

आता कडू भाग. हा कायदा मागच्या तारखेपासून लागू केला, पण किती मागच्या? २८ नोव्हेंबर १९५६ पासून. म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून! बार्शीच्या लोकांची दुपार त्याआधी जवळजवळ तीन वर्षं होऊन गेलेली. त्यांच्या हरण्यामुळे जो कायदा झाला, तो त्यांनाच लागू नव्हता. त्यांच्यानंतरच्या कित्येक गिरण्या, साखर कारखाने आणि कंपन्यांतल्या माणसांना तो उपयोगी पडला. विहीर खणली एकाने, पाणी प्यायले दुसरे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. भरपाईही घ्यायची आणि नव्या मालकाकडे जुन्या हक्काने नोकरीही मागायची, असं चालतं का? अनकापल्ली इथल्या एका सहकारी संस्थेने साखर कारखाना घेतला, तेव्हा हा प्रश्न आला. १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टातर्फे निकाल लिहिला तो न्या. गजेंद्रगडकरांनी, म्हणजे आपल्या साताऱ्याच्या माणसाने. त्यांनी सांगितलं की दोन्ही मिळणार नाही. मला हे न्याय्य वाटतं. वर्षं एकदाच मोजली जावीत, पण एकदा तरी मोजली जावीतच.

हा प्रश्न काही आपल्या एकट्याचा नव्हे. अमेरिकेत १९३० नंतरच्या मंदीत रेल्वे कंपन्या खर्च वाचवायला एकमेकींत मिसळू पाहत होत्या. तिथल्या युनियननी कोर्टाने शब्दाचा काय अर्थ लावला याची वाट पाहिली नाही. मे १९३६ मध्ये बहुतेक मोठ्या कंपन्या आणि युनियन यांनी वॉशिंग्टनला करार केला. एकत्रीकरणामुळे ज्याची नोकरी जाईल त्याला आधीच्या सरासरी पगाराच्या ६० टक्के रक्कम दरमहा, आणि ती किती काळ हे त्याच्या सेवेच्या वर्षांवर. पंधरा वर्षं झालेल्याला पाच वर्षं. ज्याची नोकरी राहील पण खालच्या जागी जाईल, त्याला पगारातला फरक. पुढे १९४० मध्ये कायद्यानेच ठरवलं की रेल्वेच्या विलीनीकरणाला मंजुरी देताना कामगारांच्या संरक्षणाची व्यवस्था असलीच पाहिजे. यातला विचार साधा आहे. एकत्र येण्याने पैसा वाचणार असेल, तर त्या बचतीतला पहिला वाटा ज्याच्या पोटावर पाय येतो त्याचा. आणि हे सगळं एकत्र येण्याच्या आधी ठरवायचं, नंतर नाही.

'आधी' हा शब्द अधोरेखित करावासा वाटतो. बार्शीला अटी कळल्या त्या पंधरवडा उरला असताना. रेल्वे घेण्याची नोटीस कंपनीला वर्षभर आधी, आणि ती चालवणाऱ्यांना शेवटच्या पंधरवड्यात! विकणाऱ्या-घेणाऱ्यांना हिशेब मांडायला वेळ मिळतो, हमालाला-फायरमनला-गँगमनला मिळत नाही.

आता अलीकडचं. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ ला सरकारकडून टाटांकडे गेली. तिथे पहिलं एक वर्ष कुणाला कमी करायचं नाही अशी अट आधीच घातली होती. एक वर्ष म्हणजे फार नाही, पण अट आधी ठरली आणि जाहीर झाली, हे बार्शीपेक्षा पुढचं पाऊल. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा जाऊन त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मालकी बदलाच्या वेळच्या भरपाईची तरतूद आणि तिच्या त्या तीन अटी संहितेतही ठेवल्या आहेत. बार्शीच्या ६१ अर्जांची पुण्याई अजून शिल्लक आहे म्हणायची.

आणि हे सगळं आत्ता लिहावंसं वाटलं ते कोकण रेल्वेमुळे. कोकण रेल्वे ही १९९० मध्ये स्थापन झालेली वेगळी कंपनी आहे. केंद्र सरकार आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ ही चार राज्यं तिची भागीदार. २६ जानेवारी १९९८ ला तिचा पूर्ण मार्ग सुरू झाला. तिचे कर्मचारी महामंडळाचे, भारतीय रेल्वेचे नव्हेत. ती भारतीय रेल्वेत विलीन करायला इतर राज्यांनी होकार दिल्यावर मे २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही दिला. राज्याने दोन गोष्टी मागितल्या. विलीनीकरणानंतरही 'कोकण रेल्वे' हे नाव राहावं, आणि राज्याने घातलेले सुमारे ३९६ कोटी रुपये परत मिळावेत. दोन्ही मागण्या रास्त आहेत. नाव हवंच, पैसेही हवेत.

पण बार्शीची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला तिसरी ओळ आठवल्याशिवाय राहत नाही. कंपनीच्या पगारपत्रकावरची माणसं सरकारच्या पगारपत्रकावर जायची असतात, तेव्हा नेमकी तीच जागा असते जिथे बार्शीची वर्षं सांडली होती. सत्तर वर्षांत काळ बदलला, सरकार बदललं, कायदा सुधारला. कुणी कुणाला रस्त्यावर काढील असं मी म्हणत नाही. पण 'सर्वांना सामावून घेऊ' हे वाक्य ऐकून समाधान मानू नये. सामावून तर बार्शीलाही घेतलं होतं.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या कंपनीचं, बँकेचं, कारखान्याचं विलीनीकरण होणार असेल, तर नोकरी राहील का एवढंच विचारू नका. चार गोष्टी लेखी मागा. सेवेत खंड धरणार की नाही? ज्येष्ठता कुठल्या तारखेपासून मोजणार? ग्रॅच्युइटी आणि पीएफसाठी जुनी वर्षं कोण घेणार? आणि उद्या नव्या मालकाने कमी केलंच, तर भरपाईला वर्षं कुठून धरणार? उत्तरं सही करण्याच्या आधी मागा. बार्शीच्या माणसांना हे विचारायला पंधरा दिवस मिळाले होते, आणि त्यांच्या बाजूने उत्तर देणारा कायदा तेव्हा जन्माला यायचा होता. आपल्याकडे तो आहे.